झटका म्हणजे नेमकं काय?

आमच्या डॉक्टरांना सापाची भीती नव्हती, सावित्रीच्या पुराची नव्हती. भीती होती ती सैल शब्दांची. नव्वदच्या दशकात महाडला त्यांच्या दवाखान्यात मी टाइपिस्ट होते. कार्डावर ‘वगैरे’ दिसलं की विचारायचे, “यात काय काय दडवलंस?”

मेंदूला इजा होऊन कुणाची आठवण गेली, कुणाचे शब्द गेले, याची ती कार्डं. छत्रीचं चित्र पाहून पेशंट ‘पावसातला ता...’ एवढंच म्हणून अडला, तर तेच लिहायचं. ‘छत्री ओळखली’ असं नाही. प्रत्येक कार्डाची कार्बन कॉपी पोलादपूरच्या आणि पुण्याच्या डॉक्टर मित्रांकडे जायची. तिघांची कार्डं शेजारी ठेवली तर मेंदूचं काहीतरी उलगडेल, पण त्यासाठी तिघांचे शब्द एक हवेत, हा त्यांचा हट्ट. मला तो निव्वळ छळ वाटे.

डॉक्टर पुण्याला गेले असताना पोलादपूरकडचे उस्मानभाई आले. ट्रक चालवायचे. झटका येऊन गेला, आता बरं आहे, म्हणाले. त्यांच्या आधी आलेल्या तिन्ही पेशंटांची कार्डं अर्धांगवायूची होती, म्हणून यांच्याही कार्डावर मी तेच लिहिलं, ‘हातपाय ठीक’ असं जोडलं आणि कॉपी पाठवून मोकळी झाले.

आठ दिवसांनी कार्ड वाचताना डॉक्टर थांबले. “झटका म्हणजे? अंगावरून वारं गेलं, की फिट आली?” मी विचारलंच नव्हतं. त्यांनी पोलादपूरला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या कार्डावर विसंबून हातपाय तपासले होते आणि गाडी चालवायला हरकत नाही, असं सांगितलं होतं. उस्मानभाई त्याच सकाळी माल भरून कशेडी घाटातून खेडला गेले होते.

आम्ही एसटीने पोलादपूर गाठलं आणि ते परतताना जिथे थांबत त्या हॉटेलात बसलो. घाटातून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला मी उभी राहत होते. त्यांच्या बायकोला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

तीनच्या सुमारास उस्मानभाई उतरले, तेही हसत. डॉक्टरांनी नेमकं काय झालं होतं ते विचारलं.

“हातपाय ताठ झाले, जीभ चावली. पुढचा काय आठवत नाय.”

फिटच होती. आता गाडी बंद, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांचं हसू गेलं. “मंग पोरांना काय घालू? मला दुसरा काय येत नाय.”

उस्मानभाई माझ्यामुळे वाचले म्हणावं, तर ते खोटं. मी त्यांना घाटात पाठवलं होतं.

परतीच्या एसटीत मी बोलणी खायच्या तयारीने बसले होते. “कार्ड तू चुकवलंस,” डॉक्टर म्हणाले, “पण वाचलं मी आठ दिवसांनी. पुण्याला कळवताना दोन्ही चुका लिही.”

मी कोरं कार्ड मांडीवर घेतलं आणि आधी माझी चूक लिहिली, मग त्यांची.