आग्रहाचं औषध

लग्नसराईत कोल्हापुरात एक वेळ देव भेटेल, पण रशीदभाई फेटेवाले भेटायचे नाहीत. फेट्याला पीळ घालताना त्यांची बोटं अशी चालायची, की नवरदेवही बोहल्याची घाई विसरायचा. ज्या घरी फेटा, त्या घरी लाडू. नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान, अशी त्यांची पक्की समजूत. शिवाय रोज संध्याकाळी, म्हशी समोर पिळून दूध देतात त्या कट्ट्यावर, साखर घातलेलं धारोष्ण दूध आणि वर गरम जिलबी. जोडीला बालमित्र अप्पा, निवृत्त मास्तर.

मग व्हायचं तेच झालं. रशीदभाईंच्या रक्तात साखर वाढली, पायांना मुंग्या आल्या. डॉक्टरांनी डोळे वटारले, "असंच चाललं तर उद्या बोटंही बधिर होतील." रशीदभाई घाबरले, आणि घाबरले की त्यांना जास्तच खा-खा सुटायची. बायकोनं, नजीरानं, घरातले डबे कुलपात टाकले. हे बाहेर खाऊन आले. नुसत्या भीतीनं माणूस सुधारला असता, तर डॉक्टर लोक कधीच रिकामे बसले असते!

अशात अप्पांची लेक भैरवी आपल्या लग्नाचे फेटे सांगायला आली. ही दवाखान्यात समुपदेशक. आजाऱ्यांच्या मनातलं ऐकून घ्यायचं, हे तिचं काम. ती लहान असतानाच रशीदभाईंनी शब्द दिला होता, की तुझ्या लग्नात तुझ्या बापाला फेटा मीच बांधणार. आता त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि त्यांना रडूच आलं.

"पोरी, दुसरा माणूस बघून ठेव. माज्या बोटांचा भरवसा न्हाय."

भैरवीनं उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "काका, जिलबी भूक लागल्यावर खाता?"

"भूक कुठली! समोरचा 'घे की' म्हणतोय, मोडवत न्हाय मला."

"कोण म्हणतंय?"

"तुजा बा! आणि कोण?"

भैरवी खो-खो हसत सुटली. तिचा बापही घरी हेच सांगायचा: रश्या ऐकत नाही, म्हणून खावं लागतं. जिलबी दोघांनाही नको होती. हवी होती ती एकमेकांची सोबत.

"गोळ्या चुकवू नका," ती म्हणाली. "आणि आग्रहही सोडू नका. फक्त खायचा नको, चालायचा करा."

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या दारात आरोळी उठली, "मास्तर, भाईर या! रंकाळ्याला फेरी मारायची. माजी शपथ हाय!"

"गुडघं दुखत्यात, रश्या."

"माजा शब्द मोडतोस व्हय?"

अप्पा कुरकुरत निघाले. पण फेरी संपल्यावर तेच हटून बसले, "आता माज्या वाटणीची एक." मास्तर माणूस, ऐकतोय थोडाच! पुढं त्यांचा हा नेमच झाला. कट्टा सुटला नाही, पण दुधातली साखर गेली आणि जिलबीवाल्यानं दोघांशी बोलणं टाकलं. डॉक्टरांचा आवाजही हळूहळू खाली आला.

लग्नाच्या दिवशी अप्पा खुर्चीत ताठ बसले होते. रशीदभाईंनी शेवटचा पीळ घातला, तुरा वर काढून खोचला आणि हात तिथंच थांबला.

"काय झालं रं?"

"जरीचा काठ बोटाला लागतोय, अप्पा. चांगला लागतोय."

अप्पांचे डोळे भरले. सवयीनं त्यांचा हात शेजारच्या लाडवांकडे गेला, तसाच मागं आला.

"चल," अप्पा उठत म्हणाले, "मांडवाला एक फेरी मारू."

आत भटजी नवरीच्या बापाच्या नावानं हाका मारत राहिले.