पेपर आजचा, आकडा मागचा

शारदाअक्का पेपर वाचायला बसल्या की आधी बातमीच्या खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवायच्या. वर ठळक छापलेल्या आकड्याकडे बघायच्याही नाहीत. "कधीचा हाय ते बघू दे आधी," असं स्वतःशीच म्हणायच्या. मैलूरला आमच्या वरच्या खोलीत त्या भाड्याने राहायच्या. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या. मी त्यांना रोज ज्वारीच्या भाकरी करून द्यायचे. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. पण त्यांच्या दारातून भाकरी देऊन लगेच खाली आले असं कधी झालं नाही.

सगळ्या बँकांची जी मोठी बँक, तिच्या ताळेबंदातले आकडे शनिवारच्या पेपरात यायचे. एका शनिवारी समोरचे बसप्पाअण्णा पेपर हलवत आमच्या ओट्यावर आले. "संपलं! देशाची गंगाजळी कमी झाली. आता बाजार बसतंय बघा!"

अक्का वरूनच म्हणाल्या, "अण्णा, आकडा कधीचा?"

"कधीचा म्हंजे? आजचा पेपर हाय की!"

"पेपर आजचा. आकडा कालचा न्हाई, मागल्या हप्त्यातल्या शुक्रवारचा. त्या दिशी तुमी हितंच बसून उसाचा रस पेलाव, वर दुसरा गिलास मागलाव. तवा कामून घाबरला न्हाईत?"

सगळा ओटा हसला. "ह्या बाईसंगट बोलणंच नको," असं पुटपुटत अण्णा गेले. पण पुढच्या शनिवारी तेच जिन्याखाली उभे राहून ओरडले, "अक्का, ह्याची तारीख काय हाय, सांगा आधी!"

मला मात्र नवल वाटायचं. एकदा धीर करून विचारलं, "एवढी मोठी बँक, अन् उशीर कामून करती?"

"मोठी हाय म्हणूनच. जागोजागच्या कचेऱ्यांतून हिशोब यायला पाह्यजे. तिच्याजवळ काय हाय अन् ती दुसऱ्याचं काय देणं लागती, ह्या दोन बाजू जुळल्याबिगर ती भाईर काढत न्हाई." माझ्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या. "तुझा बाप मेंढरं राखायचा न्हवं?"

"व्हय, संतपूरकडं. मी भाकरी घिऊन जायची."

"बाप कुठं हाय ते कसं कळायचं?"

"वाटंनं येणारा सांगायचा, चिंचंखाली हाय म्हणून. तितं जावं तर नुसत्या लेंड्या."

"मग सांगणारा लबाड होता का?"

"न्हाई. मेंढरं पुढं गेलेली."

"झालं तर! हेच शिकवायला मला कॉलेजात अख्खं वरीस लागायचं," असं म्हणून त्यांनी माझ्याच भाकरीतला तुकडा मोडून मला दिला.

मग अक्कांचं दुखणं निघालं. भाच्याने त्यांना कलबुर्गीला नेलं. वर कुलूप होतं तरी सकाळी मी एकदा जाऊन यायचेच. भाचा रविवारी फोन करायचा. "काळजी करू नका, रिपोर्ट चांगला आहे," म्हणायचा. मी "बरं" म्हणून फोन ठेवायचे, आणि तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

एका रविवारी त्याने तेच सांगितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रिपोर्ट कधीचा?"

तो म्हणाला, "रक्त गेल्या सोमवारी घेतलं होतं."

"अन् आज?"

"आज... आज काही खाल्लं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कलबुर्गीची बस धरली. "एकली जातीस?" नवरा म्हणाला. याआधी मी एकटी वाटेतल्या हुमनाबादलाही गेले नव्हते.

अक्का पलंगावर इतक्या बारीक झाल्या होत्या की चादर सपाट दिसत होती. डोळे तेवढे तेच. "कला, कामून आलीस गं एवढ्या उन्हात?"

"बघायला."

"बघ मग. आजची हाय मी." त्या हसल्या. माझ्या हातून दोन घोट चहा घेतला. अण्णा पेपर वाचायलेत का, कुणाला घाबरवायलेत, सगळं विचारलं. मला खूप बोलायचं होतं. तुम्ही या, खोली दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं सांगायचं होतं. ते काही जमलं नाही. नुसते पाय चेपत बसले. त्यांचा डोळा लागला तेव्हा निघाले.

दिवेलागणीला गल्लीत शिरले तर सगळे ओट्यावर माझी वाट बघत होते. "कशा हायत अक्का?" बसप्पाअण्णांनी विचारलं. मी त्या सगळ्यांच्या मधोमध बसले आणि बोलायला लागले. कशा हसल्या, चहा कसा घेतला, अण्णांची चौकशी कशी केली. अण्णा तर लाजलेच.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. मी बाजूला जाऊन घेतला. माझी परतीची बस हळ्ळीखेडच्या आसपास असेल, तेव्हाच अक्का गेल्या होत्या.

परत आले तर कुणाला काही कळलं नव्हतं. अण्णांनी सरकून जागा दिली. "मग? आणखी काय म्हणायल्यात?"

मी बसले, आणि आणखी थोडा वेळ सांगत राहिले.