अंबुजाक्कांच्या कोलूतला इंग्लंडचा राजा

इंग्लंडची राणी वारल्याची बातमी आली तो शुक्रवार होता, आणि अंबुजाक्कांनी त्या दिवशी तेलाचं न्हाणं केलं नाही. तंजावूरच्या आमच्या गल्लीत शुक्रवारी बायका डोक्याला तेल लावून न्हातात. घरात कुणी गेलं असेल तरच ते चुकतं. त्यामुळे समोरच्या शेषम्मांना दारातूनच शंका आली.

"काय ग अंबुजा, केस कोरडे कां? कोण गेलं?"

"राणी गेली."

"कोण राणी? कुंभकोणमची तुझी मावसबहीण?"

"इंग्लंडची."

शेषम्मांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अय्यो! माझा जीव घाबरला की. भरल्या वयाची होती ना ती? लाव तेल, ती काही रागवायची नाही."

अंबुजाक्कांचे यजमान वेंकटराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. वर्तमानपत्राआडून ते म्हणाले, "ज्यांनी आपल्या तंजावूरच्या राजाचं राज्य गिळलं, त्यांच्या राणीचं सुतक धर तू."

"राज्य कंपनीनं गिळलं," अक्का म्हणाल्या. "ही तेव्हा जन्मली तरी होती कां?"

दहा दिवसांनी अंत्ययात्रा टीव्हीवर दाखवली, तेव्हा अक्का दुपारपासून खुर्चीतून हलल्या नाहीत. आणि कॉफी करून आणून देणारे वेंकटरावच होते.

अक्कांचं इंग्लंड टाइपरायटरमधून आलेलं. राजवाड्याच्या मागच्या रस्त्यावर त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. तंजावूरची कितीतरी पोरं तिथं सरकारी परीक्षेची तयारी करून नोकरीला लागली. परीक्षेचे उतारे बहुतेक जुने. त्यांत लंडनचं धुकं, चहाचे मळे, जहाजानं येणारा माल, आणि शेवटी नम्रपणे 'आपला विश्वासू'. घरात अक्का आमची तंजावरी मराठी बोलत, बाजारात तमिळ. मराठी लिहायला मात्र त्यांना येत नव्हतं. मन लावून लिहायचं झालं तर त्या इंग्रजीत लिहीत, तेही समास सोडून. चांगला माणूस कसा असावा, या त्यांच्या कल्पनेत राणी फार वर होती. "एवढ्या वर्षांत एकदा तरी आवाज चढवला कां तिनं?" असं त्या इन्स्टिट्यूटमध्ये भांडणाऱ्या मुलींना विचारायच्या.

मग त्यांची एकुलती मुलगी श्रीविद्या इंग्लंडलाच नोकरीला गेली. उत्तरेकडच्या एका शहरात ती पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तिथल्याच नील नावाच्या मुलाशी लग्न करायचं तिनं ठरवलं. नील अक्कांना व्हिडिओवर आवडला. कॅमेऱ्यासमोर डोसा खाताना त्यानं चटणी शर्टावर सांडली आणि तशीच बोटानं पुसून चाटली, हे त्यांना विशेष आवडलं. तरी त्यांनी होकार दिला नाही.

"मुलगा चांगलाच आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याची आई तुझ्या दारापासून दोन रस्त्यांवर, आणि मी समुद्रापलीकडं. तुला ताप आला, तू रडलीस, तर पहिली ती येणार. आधी त्या बाईला मला बघू दे. मग मुहूर्त."

नीलला सुट्टी नव्हती. त्याची आई मॉरीन मात्र श्रीविद्याबरोबर नवरात्रात तंजावूरला यायला तयार झाली. इंग्लंडात नव्या राजाचा राज्याभिषेक झाला, त्याच वर्षीची ही गोष्ट.

आमच्याकडं नवरात्रात कोलू मांडतात. पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या, आणि सगळ्यांत आधी मरपाची, म्हणजे लग्नात आईनं दिलेली लाल लाकडाची जोडी. ही जोडी म्हणजे राजा-राणी. त्यांना दरवर्षी नवे कपडे घालायचे. कुणाचे राजा-राणी जरीत असतात, कुणाचे वेलवेटमध्ये. अक्कांनी त्या वर्षी त्यांना थेट लंडनला नेलं. पूजेसाठी कापसाची वस्त्रं करतात, तशी लांब वस्त्रं केली, त्यांवर काजळाचे ठिपके दिले आणि राज्याभिषेकात घालतात ती केसाळ कॉलर तयार झाली. तंजावूर चित्रं करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून सोन्याच्या वर्खाचे तुकडे आणि लाल खडे आणून मुकुट केले. खालच्या पायरीवरच्या बँडवाल्यांना काळ्या लोकरीच्या उंच टोप्या घातल्या.

वेंकटराव चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "सगळं ठीक आहे. पण राजाला तंजावूरचं ऊन फार लागलंय."

"थट्टा करू नका. त्या बाईला आल्या आल्या वाटलं पाहिजे की, आपल्या राजाला या घरात मान आहे. आपल्या महाराजांच्या घरातलं कुणी देवळात आलं की अमी कसे बाजूला होऊन उभे राहतो? तसंच त्यांना असणार."

मॉरीन आली ती सुती पँट आणि पायांत बूट घालून. ती उंच, जाड आणि मोठ्यानं हसणारी होती. दारातच तिनं वेंकटरावांचा हात धरला आणि "हॅलो, लव्ह" म्हणाली. वेंकटराव कानापर्यंत लाल झाले.

"काय म्हणाली ती मला?" त्यांनी मुलीला आत नेऊन विचारलं.

"अप्पा, त्यांच्या गावात भाजीवाल्यालाही तसंच म्हणतात."

"असू दे, असू दे," वेंकटराव म्हणाले, आणि त्या दिवसापासून रोज दाढी करू लागले.

अक्कांची पंचाईत वेगळी होती. हजारो इंग्रजी पत्रं तपासलेल्या बाईला मॉरीनचं इंग्रजी नीट कळेना. ते बोलणं लंडनचं नव्हतंच. शब्द अर्धे गिळलेले, मधेच वर चढणारे. अक्कांनी चिनी मातीचे कप, किटली, वेगळं दूध, साखरेचे चौकोनी खडे असं सगळं मांडलं होतं. मॉरीननं ते सगळं कौतुकानं पाहिलं आणि शेवटी वेंकटरावांच्या हातातल्या डवरा-टंबलरकडं, म्हणजे कॉफीच्या वाटी-पेल्याकडं बोट दाखवलं. "मला ते जमेल का?" कॉफी वरून खाली ओतताना अर्धी तिच्या पँटवर गेली. तीही तिनं बोटानं पुसून चाटली.

श्रीविद्यानं आईकडं पाहिलं. आईनं पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सगळे राजवाडा पाहायला गेले. दरबारच्या खांबांखाली मॉरीननं विचारलं, "तुमचा राजा आहे का अजून?"

"घराणं आहे. याच आवारात राहतात," अक्का अभिमानानं म्हणाल्या.

"मग त्यांना तुम्ही कर देता?"

"नाही. नमस्कार करतो."

"हे स्वस्त पडतं," मॉरीन म्हणाली आणि पुढं चालू लागली.

वेंकटरावांना एवढं हसू आलं की त्यांना खांबाला टेकावं लागलं. अक्कांना मात्र हे बोलणं लागलं. एवढं त्यांनी ओळखलं की, त्या बोलण्यात कुठंतरी तिचा स्वतःचा, करावर पोसलेला राजा होता.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका कोलू पाहायला आल्या. आमच्याकडं एक रीत आहे: कोलू पाहायला येणाऱ्या बाईनं एक गाणं म्हणायचं. गळा कसाही असो, लाजून चालत नाही. गाणं झालं की हळदकुंकू, विडा आणि द्रोणभर सुंडल, म्हणजे खोबरं घालून परतलेले हरभरे. मॉरीन कोलूसमोर उभी राहिली आणि तिची नजर मुकुटांवर गेली.

"अरे देवा," ती म्हणाली. "हे ते दोघं आहेत?" आणि ती एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग वाकून, कापसाच्या कॉलरवरचे ठिपके जवळून पाहत, "हाताने केलंय?" असं तिनं हळू विचारलं. अक्कांना हसण्याचा अर्थ लागेना. अपमान म्हणावा तर तिच्या आवाजात माया होती.

शेषम्मांनी नेहमीचं देवीचं गाणं म्हटलं. दोघीतिघींचं झालं. मग अक्का उठल्या. हा क्षण त्यांनी आठवडाभर मनात घोळवला होता. पाठ केलेल्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, "मॅडम, आपण आपल्या राजाचं राष्ट्रगीत म्हणावं, अशी आम्हा सर्वांची नम्र विनंती आहे. आम्ही उभ्या राहू." आणि खरंच त्यांनी हात केला तशा सगळ्या बायका उभ्या राहिल्या. शेषम्मांना गुडघ्यांमुळे दोघींनी उचललं.

मॉरीनचं हसू गेलं. तिनं श्रीविद्याकडं पाहिलं, मग उभ्या राहिलेल्या बायकांकडं.

"गाणं म्हणते," ती म्हणाली. "पण ते नको. ते मी म्हणत नाही."

श्रीविद्यानं हळू आवाजात मराठी केलं. अक्कांना चूक कळली. देवीसमोर, चार बायकांदेखत, आपण पाहुणीला नको ते करायला सांगितलं. ही बाई आता काय मनात घेऊन जाईल, आणि ते कुणाच्या वाट्याला येईल? श्रीविद्याच्या.

"कां म्हणत नाही?" शेषम्मांनी विचारलं. "राजानं काय केलं हिचं?"

श्रीविद्यानं प्रश्न सांगितला तशी मॉरीन समजावून सांगू लागली, श्रीविद्या मराठी करत गेली. "त्यानं काही केलं नाही, बिचारा. माझे वडील खाणीत होते. ते गाणं लागलं की ते खुर्चीत बसून राहायचे. आई उभी राहायची. राणीचं चित्र असलेल्या डब्यात ती बटणं ठेवायची. त्यावरून दोघांचं दर नाताळला भांडण. मी मधे. मला राणी आवडायची, म्हातारी रोज कामाला जायची. राज्याभिषेकाची सुट्टी मिळाली तेव्हा आमच्या रस्त्यावर टेबलं मांडून सगळ्यांनी सँडविच खाल्ली, मीही खाल्ली. पण ते गाणं म्हटलं तर बाप डोळ्यांसमोर येतो, बसलेला."

"बापासाठी म्हणत नाही?" शेषम्मा म्हणाल्या. "मग बरोबर आहे. बसा ग सगळ्या. माझे गुडघे मेले. हिला दुसरं म्हणू द्या."

मॉरीननं दुसरं म्हटलं. ते खाणीवरच्या बायकांचं गाणं होतं म्हणे, कपडे धुताना म्हणायचं. तिचा आवाज फाटका होता आणि सूर जागेवर नव्हता, पण ठेका पक्का होता. तिसऱ्या ओळीला शेषम्मांनी मांडीवर ताल धरला. शेवटच्या ओळीला सगळ्या टाळ्या देत होत्या, शब्द एकीलाही कळत नव्हते. अक्कांनी तिला कुंकू लावलं, विडा दिला.

बायका गेल्या. श्रीविद्या शेषम्मांना धरून रस्ता ओलांडून द्यायला गेली. अक्का स्वयंपाकघरात आल्या तर मॉरीन सिंकपाशी सुंडलची कढई घासत होती.

"ठेवा, ठेवा! पाहुण्यांनी नाही!"

"मला घासू द्या. तुमच्या घरात आल्यापासून मी घाबरलेय," मॉरीन सावकाश म्हणाली, आता अक्कांना कळेल अशी. "तुमची मुलगी म्हणाली, तुमचं घर राजाच्या वेळचं. मी नीलला म्हटलं, त्या बाईला मी काय दाखवू? मी शाळेत मुलांना जेवण वाढणारी."

"जेवण वाढणारी?"

"दुपारचं. निवृत्त होईपर्यंत तेच केलं."

अक्कांनी एक फडकं घेतलं आणि कढई पुसायला घेतली. मनात तयार केलेली सगळी नम्र वाक्यं त्यांना लांब आणि कोरडी वाटली. त्यांनी एकच विचारलं.

"माझी मुलगी रागावली की जेवत नाही. लहानपणापासून. दोन-दोन दिवस. तेव्हा तुम्ही काय कराल?"

मॉरीननं नळ बंद केला. तिला उत्तर शोधावं लागलं नाही.

"अशी पोरं मी खूप पाहिलीत. त्यांना 'खा, खा' म्हणायचं नाही. कारण विचारायचं नाही. ताट समोर ठेवायचं आणि आपलं ताट घेऊन शेजारी बसायचं. खायला लागेपर्यंत उठायचं नाही."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"तर माझं गार होतं," मॉरीन म्हणाली. "गार जेवायची सवय आहे मला."

अक्कांनी पुसलेली कढई फळीवर पालथी घातली, पदराला हात पुसले आणि बाहेर आल्या. वेंकटराव टीव्हीवर बातम्या बघत होते.

"अहो, वाध्यार भटजींना फोन लावा. संक्रांतीपासूनच्या तई महिन्यातला चांगला लग्नाचा मुहूर्त विचारा."

"आत्ता? जेवून घेतो की. ते तरी पळून चाललेत कोठें?"

"तुमी जेवा," अक्का म्हणाल्या. "फोन इकडं द्या. मी बोलते."