धुऱ्यावरचा बहिनीचा मोह

चामोर्शीकडं आमच्या वावरातून पान्याची नहर जानार होती. साहेब लोक मोजनीले आले त्या दिवशी मी नवा कुर्ता घालून धुऱ्याच्या बांधावर उभा. जसं काई माहंच लगन हाय.

धानाच्या बांध्या मोजल्या, विहीर मोजली, झाडं मोजले. मोठ्या मोहाच्या झाडाजवर आले तं साहेब म्हनते, "हेही तुमचंच ना?"

म्या म्हनलं, "नाई साहेब. हे बहिनीचं हाय."

आमच्या घरी पोरगी सासरी धाडतानी धुऱ्यावरचा एखांदा मोह तिच्या नावानं बोलून देतेत. माह्या बापानं हा मोह लहान्या बहिनीले देला होता. फुलं गरू लागले का ती टोपली घेऊन माहेरी ये. उजाडाच्या आंधी उठे, झाडाखालचा पाला झाडे, मंग वेचत बसे. मी चहा नेऊन देवो, आनि तिच्याच टोपलीतले फुलं तोंडात टाको. "भाऊ हायेस का वांदर?" म्हने.

साहेबानं समजावून सांगतलं, "काका, कायद्यात जमीन ज्याची, झाड त्याचं. बहिणीचं झाड असा रकानाच नाही. तुमचं म्हणा, भरपाईत धरतो."

पन माहं डोकं! म्या इचार केला, सरकार माही जमीन घेऊन राह्यली, घे बाप्पा. पन जे माहं नाईच, ते कशी घेईन? नहर वाकून मोहाले वरसा घालून जाईन. मी काई "माहं" म्हनलो नाई. साहेब कंटारून पुढं गेले. आनि मी चौकात छाती फुगवून सांगतलं, "सरकारले वाकवून आलो."

मंग मशीन आली. दुपारपर्यंत मोह आडवा. जमिनीचे पैसे भेटले, मोहाचे नाई. आजूनही लोकं इचारतेत, "काऊन गा, तुयी नहर वाकली का?" नहर तं अशी सुतासारखी सरकी हाय, का माही बायको भांगही तेवढा सरका पाडत नाई.

बहिनीले भीतभीत सांगतलं. ती म्हने, "पैशाचं जाऊ दे दादा. तुया डोक्याचे पैसे कोन देनार होतं?"

पन मंग तिचं येनंच सुटलं. औंदा मोहाच्या दिवसात आजूबाजूच्या रानातून तो गोड वास घरात आला, तवा राहवलं नाई. म्या फोन लावला.

"बाई, ये ना. कोंबडा कापतो. राहा मस्त."

"येईन तं खरं दादा," ती म्हने. "पन सकारी उठून जाऊ कुठी?"

लोकाच्या मयतीतही हासवनारा मानूस मी. पन या खेपी फोन कानाले आनखी दाबून धरला. दोघंही तसेच फोन धरून बसलो. ठेवाची घाई कोनालेच नव्हती.