घरी विचारून सांगा

गाडीचा गिअरबॉक्स सुटा करून लाकडी बाकावर मांडला होता. गॅरेजवाल्यांनी त्यातली एक पितळी रिंग पुसून माझ्या तळहातावर ठेवली. तिचे दाते जवळजवळ नाहीसे झाले होते.

"मॅडम, तुम्ही क्लच अर्धा दाबूनच गाडी चालवता का हो?"

मी होय म्हणाले. साखर कारखाने सुरू झाले की आमच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चालतात. बाकीचे लोक हॉर्न वाजवून पुढे निघून जातात. मला ते जमत नाही. कोणाला बाजूला व्हायला सांगण्याचा मला संकोच वाटतो, मग तो ट्रॅक्टर का असेना. त्यामुळे एक पाय क्लचवर अधांतरी ठेवून मी त्याच्या मागे रांगत राहते.

"मग बिल त्या ट्रॅक्टरवाल्याच्या नावावर फाडू का?" ते हसले. नंतर त्यांनी आकडा सांगितला आणि हसणे थांबवले. आहे त्या स्थितीत गाडी विकून जेवढे आले असते, तेवढाच दुरुस्तीचा खर्च होता. "लई खर्च हाय. घरी इचारा, मग सांगा. घाई न्हाय."

"बरं. घरी विचारून सांगते," मी म्हणाले.

आमच्या भागात मोठ्या खर्चाला कोणी उभ्या उभ्या होकार देत नाही. तो उतावळेपणा दिसतो. प्लॉटचा सौदा असो की बोअर घेणे असो, 'घरी विचारून सांगतो' म्हटले की समोरचाही समजुतीने मान हलवतो. मात्र माझ्या घरी विचारण्यासारखे कोणी नाही. मी लग्न केले नाही. आई गेल्यापासून धाराशिवच्या दोन खोल्यांत एकटीच राहते. इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर, लोक गाडी चालवणे सोडतात त्या वयात, मी ती चालवायला शिकले. हे सगळे गॅरेजच्या दारात उभे राहून कसे सांगायचे, हे मला कळले नाही. म्हणून सर्वांसारखेच बोलले आणि घरी आले. संध्याकाळी भात लावताना, आता खरेच कोणाला तरी विचारावे लागणार, या विचाराने उगीच धाकधूक झाली.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"काय म्हनले साहेब?"

"अजून बोलणं झालं नाही."

"द्या की फोन त्यांच्याकडं. मी समजावून सांगतो."

"ते बाहेर गेलेत," मी म्हणाले. आयुष्यात प्रथमच मला नवरा झाला होता, आणि मी त्याला तत्काळ बाहेर पाठवून दिले होते.

रविवारी मी माकणीला गेले. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी तिथे एकट्या असतात, मुलगा पुण्याला. मी दर रविवारी त्यांच्याकडे जाते, आणि माणसांत म्हणून माझे जाणे एवढेच उरले आहे. या खेपेला लोहाऱ्याला बस बदलून, उन्हात चालत पोचले. वहिनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"अगंबाई, वन्सं! आज यष्टीनं?"

मी गाडीचे सांगितले. दुरुस्त करावी की मोडीत काढावी, हेही विचारले.

"मला काय इचारता? पैसा तुमचा, गाडी तुमची." त्यांनी सूप माझ्याकडे सरकवले. "पर एक बरं झालं. दर येळी चहा पिला की चावी हातात. आज संध्याकाळच्या गाडीपतुर कुठं जाताव?"

मी शेंगा सोलू लागले. बोलणे संपले. एरवी इतकी शांतता पसरली की आपण अडचण झालो असे मला वाटते, आणि मी उठते. त्या दिवशी उठून जाण्यासारखे काही नव्हते. शांतता तशीच राहिली, आणि थोड्या वेळाने तिचे काही वाटेनासे झाले. वहिनींनी मध्येच शेजारणीच्या सुनेची नक्कल केली. आम्ही भाकरी खाल्ली. त्या सतरंजीवर कलंडल्या, मीही कलंडले.

परतीच्या बसमध्ये मला नीट उमगले की गाडी मला कोणाकडे जाण्यासाठी लागत नव्हती. बसने जाता येत होते. मला ती निघून येण्यासाठी लागत होती. हवे तेव्हा उठता येईल याची खात्री असली, तरच मी कोणाच्या दारात जाऊ शकते. हे कळल्यावर शहाण्या माणसाने गाडी मोडीत काढली असती. मला मात्र भीती वाटली की, ती खात्री गेली तर दोन-चार रविवारांनंतर काही ना काही कारण काढून मी जाणेच बंद करीन. मी स्वतःला तेवढे ओळखते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन म्हणाले, "करा काम."

"साहेब हो म्हनले?"

"साहेब नाहीत. घरी मी एकटीच असते."

"मग आठवडाभर कुणाला इचारीत होता मॅडम?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. आत वळून कोणाला तरी पार्ट मागवायला सांगितले.

गाडी उत्तम झाली. रविवारी मी माकणीला गेले, आणि दिवस मावळेपर्यंत थांबायचे असे मनाशी पक्के ठरवून गेले. वहिनींनी चहा केला. पुण्याच्या नातवाचे सांगून झाले, माझ्या गुडघ्याचे झाले. मग बोलणे संपले. अंगणात कोंबडी माती उकरत होती. मी तिच्याकडे पाहत जमेल तेवढा वेळ बसले.

"येऊ का मग, वहिनी?" माझ्या तोंडून निघालेच.

"या," त्या म्हणाल्या, आणि कपबशा उचलून आत गेल्या.