वीणेचा पहारा

सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. दुपारचा पहारा आमच्या भजनी मंडळातल्या एकाचा. बारामती एमआयडीसीतली पाळी संपवून तो कंपनीच्या निळ्या शर्टातच यायचा आणि वीणा गळ्यात घेऊन तासभर उभा राहायचा. खांबाला कधी टेकला नाही, कुणाशी चकार शब्द बोलला नाही.

आम्हाला भजन शिकवणारे तात्या यंदा अंथरुणाला खिळले होते. "सप्ताह उरकला की भेटू," असं आम्ही सगळेच खुशाल म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी तो वीणेसकट मंडपातून निघाला.

"पहारा मोडतोय!" मंडळाचे अध्यक्ष ओरडले.

"वीणा गळ्यातच हाय. पहारा आता तात्यांच्या खाटंपाशी."

तास संपला. पुढचा पहारा माझा होता. अध्यक्ष माझ्याकडं रोखून बघत होते. मी त्यांच्यासमोरून गेलो आणि तात्यांच्या दारात चपला काढल्या.