परसरामभाऊनं मायसाठी विमान थांबवलं नव्हतं

परसरामभाऊची नोकरी त्याच्या मायनंच घालवली होती. जवळजवळ.

आज भाऊले जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट लिहिली तर तो वरून शिव्या घालन, म्हणून हेच सांगतो.

मी नेरचा. भाऊ फुलसावंगीजवळच्या तांड्यातला. दोघंही विमानतळावर कामाले. जिल्हा एक, म्हणून डबाही एक. त्याच्या डब्यातला ठेचा पहिल्यांदा खाल्ला तवा मी रडत रडत ड्युटी केलती.

आता आमचं काम काय, तर विमान स्वतःहून मागं येत नाही. त्याले टग नावाच्या गाडीनं मागं ढकला लागते. ते टग मी चालवत होतो.

पण टगवर बसून पंखाचं टोक दिसत नाही. अन् बाजूले दुसरं विमान उभं असते. घासला पंख तर संपलंच न!

म्हणून पंखासोबत एक माणूस चालते. विंग वॉकर. हातात दोन लाल दांड्या. दांडी वर, म्हणजे येऊ दे. दांड्यायची फुली, म्हणजे जागेवर थांब.

तो माणूस म्हणजे आमचा भाऊ.

तांड्यात पाहुणा निघाला की सारे बाहेर येतात अन् गाडी दिसते तवरक हात हालवतात. भाऊनं तीच सवय विमानतळावर आणली. काम आटोपलं की जाणाऱ्या हरेक विमानाले हात.

"भाऊ, तुह्ये कोण नातेवाईक आहेत त्यात?"

"अबे, कोणाचे ना कोणाचे तं आहेत न!"

मंग एक दिवस खरंच त्याची याडी विमानात बसली. याडी म्हणजे माय. पहिल्यांदाच, पुण्याले लेकीकडं. भाऊनं आख्ख्या शिफ्टले सांगितलं, झाडूवाल्या मावशीलेही सोडलं नाही. सीट खिडकीची, अन् तीही भाऊच्या पंखाच्या बाजूची.

मी ढकलून राह्यलो होतो. भाऊ दांडी वर धरून चालून राह्यला होता.

अन् एकदम फुली!

मी गपकन ब्रेक मारला.

शेजारचं विमान आपल्या थांबायच्या खुणेच्या अलीकडंच थांबलं होतं, शेपटी बाहेर. भाऊ म्हणे, आपला पंख सरळ तिच्यावर जात होता. सुपरवायझर लांबून म्हणे, जागा होती. आम्ही विमान पुढं ओढलं, सरळ करून परत ढकललं. उशीर झाला, पण गेलं बिचारं.

इथं गोष्ट संपली असती. पण वर आभाळात याडीनं हवाईसुंदरीले सांगितलं, "बाई, मघा विमान थांबलं न? ते माह्या पोरानं थांबवलं. माह्यासाठी!"

हवाईसुंदरीनं कॅप्टनले सांगितलं. कॅप्टननं खाली कळवलं.

झालं. भाऊची ड्युटी बंद, चौकशी चालू.

"आईला टाटा करायला विमान थांबवलंस?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. पंख लागत होता."

पण दाखवणार काय? दोन्ही विमानं कवाचीच उडून गेलती.

मले बोलावलं. "तुला दिसलं का रे?"

"नाही साहेब. मले दिसत नाही म्हणूनच तर तिथं भाऊ उभा राह्यते."

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं. पण भाऊले कामावर काही घेतलं नाही.

तवा भाऊले मी पहिल्यांदा उदास पाह्यलं. "नोकरी गेली तं तांड्यात काय सांगू बे? मायले टाटा केला म्हणून गेली?"

याडी पुण्याहून आली त्याच दिवशी साहेबांनी तिले ऑफिसात बोलावलं. भाऊनं दारातच हात जोडले, "याडी, तसं नको सांगू ओ."

"काहून? मी काय खोटं बोलली?"

बसली खुर्चीवर ऐटीत.

"आजी, मुलानं तुमच्यासाठी विमान थांबवलं?"

"हो त!"

भाऊनं डोळे मिटले.

"म्हणजे, तुम्हाला खिडकीत पाहिलं आणि थांबवलं?"

इथं याडी भडकली.

"पाह्यलं? कुठं पाह्यलं मेल्यानं! मी हात हालवून हालवून थकली. हा आपला त्या दुसऱ्या विमानाच्या शेपटीकडं डोळे फाडून! मायकडं एक डाव नाही पाह्यलं! अन् शेपटी तं इतकी जवळ आलती साहेब, मधात टोपलं ठेवलं तं मावलं नसतं. म्या तं देवाचं नाव घेतलं!"

मंग साहेब असे हसले का चहा सांडला. सुपरवायझरले नेमका तवाच फोन आला, तो बाहेर गेला.

"परसराम, उद्यापासून ड्युटीवर ये."

बाहेर आल्यावर याडीचं तोंड उतरलं. "म्हणजे माह्यासाठी नव्हतं थांबवलं?"

"तुह्यासाठीच न याडी. आत तूच तं होती."

याडीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला अन् पदरानं डोळे पुसले. माह्येही डोळे भरून आले, खोटं कायले बोलू.

मागल्या वर्षी भाऊ सुट्टीवर तांड्यात गेला अन् झोपेतच गेला. असं न सांगता जाते का बाप्पा कोणी? मले अजून राग येते त्याचा.

मी टग सोडलं. पंखाची जागा मागून घेतली.

काल याडीले फोन केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मंग तिनं विचारलं, "त्याच्या जागेवर आता कोण उभं राह्यते?"

म्हटलं, "मी."

तिनं तिकडचा टीव्ही बंद केला.

मंग म्हणे, "पंखाकडंच पाहजो बेटा. खिडकीतून कोणाची माय कितीही हात हालवो, तिच्याकडं पाहू नको."

भाऊ, तुही लय आठवण येते. तुले आपल्या सगळ्या शिफ्टकडून मनापासून श्रद्धांजली.